ट्रिगरफिश एवढा का चिडतो? आणि कधीकधी अजिबात का चिडत नाही?

खोलपाणी
डायव्हिंग करणारे, मासे पाळणारे, नुसतेच वाचणारे, सगळ्यांना विचारतोय. टायटन ट्रिगरफिश हा प्रवाळ खडकांवरचा मोठा मासा मारकुटा असतो हे प्रत्येक डायव्हर सांगतो, ते मला मान्य आहे. तांबड्या समुद्रात एका रीफवर (प्रवाळ खडकावर) तो आमच्या ग्रुपच्या मागे लागला होता, नुसता मागे नाही तर पुढच्याच्या फिनला (पायात घालायच्या वल्ह्याला) चावून तुकडा काढला आणि आम्ही बरेच लांब गेलो तरी सोडायला तयार नाही. पण त्याच आठवड्यात त्याच खडकापाशी परत उतरलो तर तेवढाच मोठा टायटन तिथेच प्रवाळ फोडत होता आणि त्याने आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आम्ही अगदी जवळून गेलो. गाईड म्हणाला मूड असतो त्याचा.

मला हे उत्तर पटत नाही. एवढी ताकद खर्च करून आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या प्राण्यावर धावून जाणारा मासा उगाच मूडवर चालत नसणार, काहीतरी हिशोब असणार. कुणाला माहीत असेल तर सांगा. अनुभवही लिहा.

प्रवाळवेडी
घरटं. वाळूत तो पसरट खड्डा करतो, त्यात अंडी असतात आणि त्या खड्ड्यावरचं पाणीही तो आपलंच समजतो. डायव्हर लोकांना शिकवतात की हा इलाका उलट्या शंकूच्या आकाराचा असतो, खाली घरट्यापाशी अरुंद आणि वर पृष्ठभागाकडे जाताना रुंद होत जाणारा. म्हणून घाबरून सरळ वर गेलं की आपण त्याच्या हद्दीतच राहतो, उलट जास्त आत जातो, आणि तो मागे येतच राहतो. खाली राहून आडवं पोहत बाहेर पडायचं, तोंड त्याच्याकडे ठेवायचं आणि फिन्स मधे धरायच्या. चावायचंच असेल तर फिनला चावू दे.

इशारा तो देतो. पाठीवरचा काटा उभा करतो, मग अंग एका कुशीवर कलतं करून एका डोळ्याने तुमच्याकडे बघतो. हे दिसलं की तिथून निघायचं, फोटो काढत थांबायचं नाही.

सहज_सुचलं
फोटो काढत थांबायचं नाही हे वाक्य आमच्या ग्रुपमधल्या चार जणांना फॉरवर्ड केलंय :)

मूक_वाचक
मी पोहत नाही, पण धागा वाचतोय. तो पाठीवरचा काटा म्हणे लॉक होतो, ते नक्की कसं?

निळी_शाई
@मूक_वाचक, हे हातात घेऊन बघण्यासारखं आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. कॉलेजच्या लॅबमध्ये जतन केलेला एक नमुना होता. पाठीवरच्या पुढच्या पराला (पोहायच्या पंखाला) तीन काटे असतात. पहिला जाड, खरखरीत, पुढच्या कडेला कानस लावल्यासारखा. दुसरा त्याच्या मागे अगदी लागून, लहान. तिसरा तर जेमतेम दिसतो. पहिला काटा उभा केला की दुसरा त्याच्या बुडाशी येऊन बसतो आणि मग अंगठ्याने कितीही जोर लावा, पहिला काटा तसूभर हलत नाही. आम्ही सगळ्यांनी आळीपाळीने जोर लावून पाहिला होता. मग सरांनी करंगळीने तो दुसरा लहान काटा मागे दाबला आणि पहिला लगेच खाली बसला. दाराची खिटी असते ना, अगदी तसं.

याचा उपयोग दोन ठिकाणी होतो. एक म्हणजे गिळायला आलेल्या मोठ्या माशाच्या घशात हा काटा आडवा येतो. दुसरा मला जास्त आवडतो, धोका वाटला किंवा रात्र झाली की हा मासा खडकाच्या कपारीत शिरतो, वरचा काटा उभा करतो, पोटाखालचं हाडही खाली ताणतो आणि वरखाली दोन्हीकडून घट्ट अडकून बसतो. मग त्याला ओढून काढणं जवळपास अशक्य. रात्री आडवा पडून असाच झोपलेला दिसतो.

अंगावरचे खवलेही साधे नाहीत, जाड तिरप्या चौकोनी पट्ट्या एकमेकींना लागून बसलेल्या, चिलखतच म्हणा. पफरफिश, बॉक्सफिश आणि तो प्रचंड मोला मोला सनफिश हे सगळे याच्याच गणातले. ट्रिगरफिशच्या जाती साधारण 40.

मूक_वाचक
वा, धन्यवाद! मोला मोला याचा नातेवाईक असेल असं कधीच वाटलं नसतं.

टाकीवाला
घरट्याचं कारण बरोबर आहे पण पुरेसं नाही असं माझं ठाम मत आहे. माझ्याकडे खाऱ्या पाण्याच्या टाकीत ट्रिगर आहेत. टाकीत कसलं घरटं आणि कसली अंडी, तरी काही जाती जन्मजात आडमुठ्या असतात. नारिंगी रेघांचा अनड्युलेटस तर टाकीतल्या सगळ्यांना हैराण करतो, त्याला एकट्यालाच ठेवावं लागतं. क्लाऊन ट्रिगर लहानपणी गोड दिसतो, मोठा झाला की शेजाऱ्यांचे पर कुरतडायला लागतो. उलट ओडोनस नायजर, तो निळा लाल दातांचा, आणि झॅन्थिक्थिस गटातले बरेच शांत. कारण सोपं आहे, हे दोघे पाण्यात तरंगणारं प्लँक्टन (बारीक जीव) खातात, थव्याने राहतात, त्यांना तळाचा तुकडा राखायची फारशी गरज पडत नाही. जे तळाशी कवचवाले प्राणी फोडून खातात ते जागेवरून भांडतात.

म्हणजे चिडण्याचं एक मूळ खाण्यात आहे, फक्त अंड्यांत नाही.

बाकी यांच्यासारखा मासा पाळण्यात नाही. दगड उचलून इकडचे तिकडे करतात, हीटरची वायर चावतात, खायला द्यायची वेळ झाली की काचेपाशी येऊन थांबतात आणि उशीर झाला तर पृष्ठभागावर येऊन पाणी उडवतात. माझ्या टाकीतला एक तर घरातल्या बाकीच्यांना ओळख देत नाही, मी आलो की मात्र पुढे येतो.

पण नवीन लोकांना कळकळीने सांगतो, लहान टाकीत हा मासा कोंडू नका. मोठा होतो, फिरायला जागा लागते आणि वर्षानुवर्षं जगतो.

शंकेखोर
>> मी आलो की मात्र पुढे येतो

खायला कोण देतं यावर ते ठरतं. यात हुशारी काय, कुठलाही मासा एवढं शिकतो. माशांवर आपल्या भावना लादायची सवय मला धोक्याची वाटते. चिडतो, ओळखतो, राग धरतो, हे सगळे आपले शब्द झाले.

भरती_ओहोटी
@शंकेखोर, तुमचा मुद्दा घेतो पण मग हा मासा सी अर्चिन (काटेरी गोळ्यासारखा समुद्री प्राणी) कसा खातो, त्याचं काय करायचं ते सांगा.

डायडेमा अर्चिन पाहिला असेल तर माहीत आहे, लांब काळे काटे, हात लावायची सोय नाही. पण खालच्या बाजूला, जिथे त्याचं तोंड असतं, तिथे काटे आखूड. ट्रिगरफिश तोंडातून पाण्याचा जोरदार झोत त्याच्या बुडाशी मारतो, एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा, जोवर अर्चिन कलंडत नाही तोवर. कलंडला की उघड्या पडलेल्या बाजूने फोडून खातो. आणि झोताने काम होत नसेल तर एखादा काटा दातात धरून त्याला तळावरून उचलतो, वर नेतो आणि सोडून देतो. तो खाली पडत असताना खालून जाऊन चावतो. हान्स फ्रिके या जर्मन शास्त्रज्ञाने 1970च्या दशकात तांबड्या समुद्रातल्या निळ्या ट्रिगरफिशवर नेमकं हेच पाहिलं आणि त्यावर प्रयोगही केले.

मी स्वतः हे एकदा पाहिलंय आणि ते विसरणं शक्य नाही. मासा थोडा मागे सरकायचा, कोन बदलायचा, परत झोत. मधेच बाजूला जाऊन दुसरीकडून प्रयत्न. आजूबाजूला चार-पाच छोटे रास (wrasse) जातीचे मासे ताटकळत थांबलेले, कारण फुटल्यावर उरलंसुरलं त्यांचं. याला तुम्ही हुशारी म्हणू नका, पण एक उपाय चालत नाही म्हणून दुसरा करून बघणं हे नुसत्या सवयीपेक्षा जास्त आहे.

शंकेखोर
दोन पद्धती जन्मजातही असू शकतात. पण झोताचा कोन बदलण्याचं निरीक्षण महत्त्वाचं आहे, ते मी नाकारत नाही. पाण्याचा झोत हे हत्यार मानायचं का यावरही वाद होतो. माझं मत नाही असं आहे, कारण त्याने पाणी कुठून शोधून आणलेलं नाही, तो त्यातच आहे.

प्रवाळवेडी
मग आर्चरफिश तोंडाने पाणी मारून किडा पाडतो तेही हत्यार नाही?

शंकेखोर
नाही. पण त्यासाठी वेगळा धागा काढा, मी येतो.

सहज_सुचलं
तिकडे अर्चिन लोकांच्या फोरमवर या माशाबद्दल काय लिहून येत असेल असा विचार करतोय. "उलटं होऊ नका, तळाला धरून राहा, फोटो काढत थांबू नका."

निळी_शाई
हाहाहा.

अर्चिनचा विषय निघालाच आहे तर त्याच्या चेहऱ्याकडे बघा. तोंड टोकाला, छोटंसं, आणि डोळे पार मागे, कपाळाच्या वर गेलेले. बघायला विचित्र वाटतं पण काटेरी प्राण्याला चावताना डोळे काट्यांपासून लांब राहतात. दोन्ही डोळे वेगवेगळे फिरतात, म्हणजे एक अर्चिनवर आणि एक तुमच्यावर. छोटं तोंड बघून फसू नका. प्रत्येक जबड्यात बाहेरच्या ओळीत आठ छिन्नीसारखे दात, वरच्या जबड्यात आत आणखी सहा, आणि ते झिजतात तसे वाढत राहतात. जबड्याला हलवणारे स्नायू डोक्याचा बराच भाग व्यापतात.

त्याच्या नजरेवरही बरंच काम झालंय. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात पिकासो ट्रिगरफिशला वेगळ्या रंगाचा ठिपका शोधून त्याला टोच मारायला शिकवतात, बरोबर टोचलं तर खाऊ. आपल्याकडे रंगांधळेपणा तपासायला ठिपक्यांची चित्रं दाखवतात त्याच धर्तीवर. हा मासा तीन प्रकारच्या शंकुपेशी (डोळ्यातल्या रंग टिपणाऱ्या पेशी) वापरून रंग ओळखतो हे अशाच प्रयोगांतून कळलं. शिकायला तयार असतो आणि टोच मारायची सवय मुळातच आहे, म्हणून प्रयोगाला सोयीचा.

टाकीवाला
शिकायला तयार असतो, हेच तर मी म्हणत होतो.

मूक_वाचक
पोहतो कसा? व्हिडिओत शेपूट हलताना दिसलीच नाही.

प्रवाळवेडी
बरोबर निरीक्षण. पाठीचा मागचा पर आणि पोटाखालचा पर, हे दोन्ही एकदम लहरत असतात आणि त्यावरच तो चालतो. म्हणून जागेवर स्थिर राहू शकतो, उलटा मागे जाऊ शकतो, कपारीत शेपटाकडून शिरू शकतो. शेपूट फक्त घाईत वापरतो. तुमच्यावर धावून येताना वापरतो, तेव्हा वेग बघा :)

रेतीचा_कण
एक विरोधी मत मांडते. टायटन ट्रिगर प्रवाळाच्या फांद्या मोडतो, दगड उलटे करतो, रीफवर चुरा पाडत फिरतो. मग याचं एवढं कौतुक का? मी बघितलाय अख्खी फांदी तोंडाने तोडून बाजूला फेकताना.

भरती_ओहोटी
मोडतो, खरंय. आतले किडे, शिंपले, खेकडे काढण्यासाठी. पण हिशोब पूर्ण करा. केनियाच्या किनाऱ्यावर टिम मॅकक्लॅनाहन यांनी बरीच वर्षं केलेलं काम आहे. जिथे मासेमारी जास्त झाली तिथे नारिंगी रेघांचा ट्रिगर, म्हणजे टाकीवालांचा तो भांडखोर अनड्युलेटस, कमी झाला आणि एकिनोमेट्रा नावाचे छोटे अर्चिन बेसुमार वाढले. अर्चिन नुसतं शेवाळ खात नाहीत, खरवडताना प्रवाळाचा चुनखडकही झिजवतात. म्हणजे एक मासा गेला आणि रीफ खालून पोखरायला लागली. संरक्षित पट्ट्यांत ट्रिगर टिकून आहेत तिथे अर्चिन आटोक्यात. मासेमारी थांबवली तरी हा मासा लगेच परत येत नाही, वर्षानुवर्षं लागतात.

टायटन तर प्रवाळाचा शत्रू असलेला काटेरी तारामासाही खातो, जो फार थोड्यांना जमतो. मोडलेल्या फांद्या एका बाजूला आणि हे सगळं दुसऱ्या बाजूला. मला तरी पारडं कुठे झुकतं ते स्पष्ट दिसतं.

रेतीचा_कण
अर्चिनचा भाग माहीत नव्हता, चांगली माहिती. तरी ज्या रीफला आधीच उष्णतेने फटका बसलाय तिथे प्रत्येक फांदी मोलाची असते, एवढं माझं म्हणणं राहतंच.

खारी_झुळूक
थोडं अवांतर. याचा आवाज कुणी ऐकलाय का? पाण्यात असताना ढब ढब असा ऐकू आला होता मला.

निळी_शाई
हो, आवाज काढतो. कल्ल्यांच्या फटीमागे काही मोठे खवले असतात आणि त्यांच्या आत लगेच हवेची पिशवी. छातीचे पर त्या खवल्यांवर घासत नेले की खवले आत दाबले जातात आणि पिशवी वाजते. पिकासो ट्रिगरमध्ये हे बारकाईने तपासलंय. धरल्यावर किंवा घाबरल्यावर जास्त करतो. हवाईचा राज्य मासाही ट्रिगरच, पिकासोचा जवळचा भाऊ. 2006 मध्ये त्याला तो मान कायमचा मिळाला.

सहज_सुचलं
त्याचं हवाईयन नाव हुमुहुमुनुकुनुकुआपुआआ असं आहे ना? मी बरेच दिवस पाठ करतोय.

खारी_झुळूक
अजून एक शंका, चावल्यावर विष चढतं असं एकाने सांगितलं. खरं का?

प्रवाळवेडी
चाव्यात विष नाही. जखम मात्र चांगली होते, वेटसूटच्या आरपार दात जातात, टाके पडल्याची उदाहरणं आहेत. नीट स्वच्छ करून डॉक्टरला दाखवायची. विषाचा गोंधळ सिग्वाटेरामुळे होतो. तो मासा खाल्ल्यावर होणारा त्रास आहे. रीफवरच्या सूक्ष्म शैवालातलं विष एकातून दुसऱ्यात चढत मोठ्या माशांत साठतं, शिजवून जात नाही. मोठ्या टायटनच्या बाबतीत ही भीती खरी आहे.

खोलपाणी
खूप नवीन कळलं, सगळ्यांचे आभार. पण माझा मूळ प्रश्न अजून तसाच आहे. घरटं मान्य. टाकीवालांचं खाण्याचं कारणही मान्य. पण दोन्ही कारणं त्या जागेला चिकटलेली आहेत ना? मग एकदा जीव खाऊन मागे लागणारा मासा त्याच आठवड्यात तिथेच शांत कसा?

समुद्रमंथन
धागा उशिरा पाहिला. याचं उत्तर अंडी किती वेळ असतात यात आहे, आणि तो वेळ ऐकून बहुतेकांना धक्का बसतो.

पिवळ्या कडांचा ट्रिगर हा टायटनचा जवळचा, त्याचाही घरट्यापाशी तसाच दरारा. त्याचं बघा. वाळूत खड्डा, त्यात अंड्यांचा मऊ गोळा, प्रवाळाचे बारीक तुकडे आणि वाळू चिकटलेला. मादी सकाळी अंडी घालते, दिवसभर त्यावर तोंडाने पाणी फुंकते, कचरा उचलून टाकते, जवळ येणाऱ्याला हाकलते. त्याच संध्याकाळी सूर्यास्तानंतर अंडी फुटतात आणि पिल्लं अंधारात प्रवाहाबरोबर उघड्या समुद्रात निघून जातात. एका दिवसात सगळं आटोपतं! दुसऱ्या दिवशी राखायला काहीच नाही.

शिवाय ही अंडी रोज घातली जात नाहीत, अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासचे ठरावीक दिवस असतात, भरतीओहोटीचा ताल धरून. नराचं वेगळं असतं. बऱ्याच जातींत तो एक मोठा इलाका राखतो आणि त्यात अनेक माद्या घरटी करतात. म्हणून त्या दिवसांत नर आणि मादी दोघंही तापलेले असू शकतात. ते दिवस सरले की इलाका ओस पडतो, मासे आपापलं खायला लागतात.

सगळ्या जाती तंतोतंत अशाच नाहीत. अटलांटिकमधल्या ग्रे ट्रिगरमध्ये नर वाळूत घरटी खणतो आणि मादी अंडी सांभाळते. क्रॉसहॅच ट्रिगरमध्ये दोघं मिळून सांभाळतात. पण अंडी तळाशी घालायची, जीव तोडून राखायची आणि लवकर मोकळं व्हायचं, ही मूळ रीत गटात ठिकठिकाणी दिसते.

म्हणून खोलपाणी, तुम्हाला आधी दिसला तो अंड्यांवर बसलेला असण्याची शक्यता खूप, आणि नंतरचा मोकळा. गाईडला मूड वाटला तो चंद्राचा हिशोब असणार. त्या तारखा तुमच्या डाइव्ह लॉगमध्ये (डायव्हच्या नोंदवहीत) असतील, तिथी लावून बघा.

खोलपाणी
हे पटलं! पहिली उडी अमावस्येच्या आसपासचीच, रात्रीच्या डाइव्हला मिट्ट काळोख होता ते आठवतंय. लॉग काढून तिथी लावतोच.

टाकीवाला
पण मग माझ्या टाकीतल्या अनड्युलेटसला कुठली अमावस्या? माझं म्हणणं कायम, दोन वेगळी भांडणं आहेत. एक अंड्यांचं, ते येतं आणि जातं. दुसरं जागेचं आणि खाण्याचं, ते वर्षभर चालतं आणि काही जातींतच.

समुद्रमंथन
सहमत. टाकीत पळायला जागा नसते म्हणून हरलेल्या माशाला मार बसत राहतो, रीफवर तो लांब निघून जातो. त्यामुळे टाकीत भांडण आहे त्याहून मोठं दिसतं.

शंकेखोर
एका दिवसाचा मुद्दा फार आवडला. राग धरतो वगैरे म्हणायची गरजच उरली नाही, अंडी आहेत का नाहीत एवढंच बघायचं.

प्रवाळवेडी
गाईड लोकांनीही हे वापरायला हवं. त्या दिवसांत घरटी दिसली की ती जागा सोडून दुसरीकडून न्यावं. आपण मागे लागलेल्या मादीचा वेळ खातो तेवढ्यात रास मासे येऊन अंडी फस्त करतात. तिचा अख्खा दिवस वाया, आणि आपल्याला फक्त एक किस्सा मिळतो.

मूक_वाचक
पिल्लं उघड्या समुद्रात जाऊन पुढे काय करतात?

समुद्रमंथन
ग्रे ट्रिगरची पिल्लं तरंगणाऱ्या सरगॅसम शेवाळाच्या आसऱ्याला राहतात, कित्येक महिने. तिथे लपायला जागा आणि खायला बारीक जीव दोन्ही मिळतं. टूना, डोराडो असे मोठे मासे त्यातले बरेच गट्ट करतात. उरलेले मोठे होऊन तळाकडे उतरतात.

मूक_वाचक
आणि वय कसं कळतं? माशांच्या कानातल्या हाडावरून मोजतात असं वाचलं होतं.

निळी_शाई
बहुतेक माशांत तसंच. ग्रे ट्रिगरमध्ये ते हाड फार छोटं आणि वाचायला अवघड, म्हणून पाठीवरचा तोच पहिला काटा घेतात. बुडापासून पातळ काप काढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यातली वलयं मोजायची. मेक्सिकोच्या आखातात मासेमारीच्या मर्यादा ठरवायला वयाचे आकडे लागतात, ते अशा काट्यांच्या कापांवरून काढत आलेत.

मूक_वाचक
कापाचा फोटो कुणाकडे असेल तर इथे टाका ना.

निळी_शाई
माझ्याकडे जुन्या स्लाइडचा आहे, जरा धूसर आहे. रात्री शोधून टाकते.